लग्न, फुटबॉल, साज आणि गवा: बॉडी कुठली घ्यावी?

कागलच्या एका मुलानं विचारलंय: "दादा, माझ्याकडं कॅनन २०० डी मार्क टू आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० या लेन्स. दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली लग्नं केली, आता स्वतःच्या ऑर्डरी घेणार. शाहू स्टेडियमवर फुटबॉल काढतो, गुजरीतल्या एका दुकानाचं दागिन्यांचं काम मिळतंय, सुट्टी मिळाली की दाजीपूर. दीड लाख जमलेत. जो तो म्हणतो फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, घे. कुठली बॉडी घेऊ?"

जो तो म्हणतो त्यात चूक काही नाही. फक्त ते 'बरं वाटत नाही तर गोळी घे' म्हटल्यासारखं आहे. कसली गोळी, कशावर, ते कुणी सांगत नाही.

तू चार कामं सांगितलीस. मी ऑर्डर घेताना स्वतःला एकच विचारतो: हा फोटो आज चुकला तर उद्या परत काढता येईल का? येत असेल तर बॉडी असेल ती चालते, पैसे लाइटला आणि लेन्सला घालायचे. येत नसेल तर बॉडीला घालायचे. आणि तेही फोटो सुंदर यावा म्हणून नव्हे, तर दगा होऊ नये म्हणून. दुकानात यातला फरक कुणी समजावत नाही, कारण माहितीपत्रकावर मेगापिक्सेल मोठ्या अक्षरात छापलेले असतात आणि कार्डाचे स्लॉट किती ते खाली बारीक.

एक उदाहरण घे. कॅनन आर ८ आणि आर ६ मार्क टू. दोन्ही फुल फ्रेम, दोन्ही २४ मेगापिक्सेल, सेन्सर एकच, ऑटोफोकसही जवळपास तोच. दोन्हीचे फोटो शेजारी ठेवले तर मलाही ओळखता येणार नाहीत. आर ८ बरीच स्वस्त. मग वाचलेले पैसे गेले कुठं? आर ८ ला कार्डाचा स्लॉट एकच. हात हलला तरी फोटो सांभाळणारं बॉडीतलं स्टॅबिलायझेशन नाही. बॅटरी एलपी-ई १७, म्हणजे तुझ्या २०० डी मध्ये आहे तीच, १०४० एमएएचची; आर ६ मार्क टू मध्ये २१३० ची, दुप्पट. फिरायला जाणाऱ्यानं डोळे झाकून आर ८ घ्यावा, हलका आहे, झकास आहे. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यानं घेऊ नये. फोटो तोच, भरवसा वेगळा.

एका स्लॉटचं मी एवढं का लावून धरतो ते सांगतो. माझी सुरुवातीची वर्षं ६० डी वर गेली, एकाच एसडी कार्डाची बॉडी. इचलकरंजीकडच्या एका कार्यालयात दुपारचा मुहूर्त होता. अंतरपाट बाजूला झाला, हार घातले, मी सलग बारा-पंधरा फोटो घेतले आणि स्क्रीनवर 'एरर ०२' आला. म्हणजे कार्ड वाचता येत नाही. बंद केला, चालू केला, कार्ड काढून घातलं, पुन्हा तेच. दुसरं कार्ड टाकून उरलेलं लग्न पार पाडलं. रात्री रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून बसलो. हळदीचे आले, देवकाचे आले, मुहूर्ताचे अर्धे राखाडी पट्टे. मी पैसे परत करायला गेलो तर मुलीचे वडील नुसतं "असू दे" म्हणाले. त्यांनी भांडण काढलं असतं तर बरं वाटलं असतं. पुढच्या सीझनच्या आत मी ५ डी मार्क थ्री घेतला, त्याला एक सीएफ आणि एक एसडी असे दोन स्लॉट. तेव्हापासून आजपर्यंत लग्नाला एका स्लॉटची बॉडी मुख्य म्हणून नेलेली नाही. दोन स्लॉटची बॉडी घेऊन 'एक भरलं की दुसरं' अशी सेटिंग ठेवणारेही बघितलेत. भावा, मग घेतलास कशाला? दोन्हीवर एकाच वेळी लिहायला लाव.

लग्नात दुसरी अडचण फोकसची. मंगलाष्टकं संपत आली की चारी बाजूंनी अक्षता येतात. नवरीचा चेहरा आणि लेन्स यांच्यामध्ये तांदळाचा पडदाच धर. तुझ्या २०० डी ला व्ह्यूफाइंडरमधून नऊ फोकस पॉइंट आहेत, तेही बरेचसे मध्यभागी. तो पॉइंट समोरच्या तांदळावर जातो, तांदूळ शार्प येतो आणि नवरी धूसर. असे फोटो माझ्याकडं पोतंभर आहेत. आताच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉड्या माणसाचा डोळा धरून ठेवतात, मध्ये काही आलं तरी लगेच सोडत नाहीत. मेन्यूत ट्रॅकिंगची संवेदनशीलता असते, ती कमी, म्हणजे 'धरून ठेव' बाजूला घेतली की आणखी बरं. लग्नासाठी मिररलेसवर यायला माझ्या लेखी एवढं एक कारण पुरेसं आहे.

पण मिररलेसबरोबर एक मोह येतो: आवाज न करणारा शटर. मंगलाष्टकं चालू असताना खटखट नको म्हणून पोरं तो लावतात आणि घरी गेल्यावर शालूवर आडवे पट्टे बघतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचतो. काही ओळी प्रखर क्षणात, काही मंद क्षणात. झाले पट्टे. मेकॅनिकल शटर ठेव, अँटी-फ्लिकर चालू कर, आणि जिथं हालचाल कमी तिथं १/१०० वर ये, म्हणजे दिव्याचा पूर्ण एक फेरा फोटोत येतो. स्टेजमागं एलईडी स्क्रीन असेल तर तिचं गणित आणखी वेगळं. कार्यालयात गेल्या गेल्या चार शटर स्पीडवर चार फोटो मारून बघायचे, दुसरा उपाय नाही.

मेगापिक्सेलचं एकदा हिशेबानं बघू. आपल्याकडं करिझ्मा अल्बम बहुतेक १२ बाय ३६ चा, म्हणजे एक पान १२ बाय १८ इंच. ३०० डीपीआयनं ते ३६०० बाय ५४०० पिक्सेल होतं. जुन्या आर ६ चा, ज्याला लोक 'फक्त २० मेगापिक्सेल' म्हणून नाकं मुरडतात, फोटो ३६४८ बाय ५४७२ चा असतो. अख्खं पान भरतं. दोन्ही पानांवर एकच फोटो पसरला तर डीपीआय दीडशेच्या आसपास येतो, पण एवढा मोठा फोटो कुणी नाकाला लावून बघत नाही. उलट ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीची एक रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली, फाइल साधारण ४५ एमबी धर. एका लग्नाचे तीन हजार फोटो म्हणजे १३५ जीबी, आणि बॅकअप धरून त्याच्या दुप्पट. सीझनमध्ये पंचवीस ऑर्डरी असतील तर हार्ड डिस्कच्या दुकानदाराचं घर तू बांधून देशील.

आता फुटबॉल. शाहू स्टेडियमवर दुपारच्या मॅचला ऊन भरपूर असतं. ५.६ अ‍ॅपर्चर, आयएसओ २००, शटर १/१६०० सहज मिळतो. त्यामुळं तुझी ५५-२५० तिथं मुळीच वाईट नाही. क्रॉप, म्हणजे तुझ्यासारख्या लहान सेन्सरच्या, बॉडीवर ती फुल फ्रेमच्या ४०० एमएमएवढी जवळ आणते. मधला एक पॉइंट लाव, खेळाडू मध्यभागी ठेव, घरी कापून घे. २४ मेगापिक्सेलमध्ये कापायला जागा आहे. सेकंदाला पाच फोटो कमी वाटतील, पण गोलपोस्टच्या मागं बसून कॉर्नर किकची वाट बघायची सवय लागली की पाचात काम होतं. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की फोटो मैदानापेक्षा गॅलरीत जास्त मिळतात, आणि गॅलरीला कसला आलाय फ्रेम रेट.

पुढं या कामाचे पैसे मिळायला लागले की आर ७ किंवा आर १० बघ. दोन्ही मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ देतात. इलेक्ट्रॉनिकवर ३० आणि २३ लिहिलंय, त्याला भुलू नकोस. आर ७ चा सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये वरून खाली वाचायला साधारण १/३० सेकंद घेतो. ताशी ७२ किलोमीटरनं मारलेला चेंडू तेवढ्या वेळात ६६ सेंटिमीटर जातो. चेंडू फ्रेमच्या एक दशांश उंचीचा असेल, तर त्याचा वरचा काठ वाचून खालचा वाचेपर्यंत तो साडेसहा सेंटिमीटर सरकलेला असतो. आणि चेंडूच जेमतेम २२ सेंटिमीटरचा. फोटोत अंडं येतं. निकॉन झेड ८ सारख्या बॉडीला तेच वाचायला १/२७० च्या आसपास लागतात, म्हणून तिला मेकॅनिकल शटर ठेवलेलाच नाही. त्याचेच पैसे घेतात, आणि ते आपल्या दोघांच्याही बजेटात नाहीत.

खासबागेत मात्र हे गणित उलटतं. संध्याकाळी दिव्याखाली कुस्ती, पैलवान तांबड्या मातीत, अंगालाही माती, म्हणजे गडदावर गडद. १/८०० खाली गेलं की डाव टाकताना हात पुसट होतो. एफ २.८ असूनही आयएसओ ६४०० लागतो. तिथं क्रॉप आणि फुल फ्रेम यांच्यातला साधारण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा, फरक डोळ्यांना दिसतो. जे फुल फ्रेम लग्नाला घेशील तेच कुस्तीला ने.

दागिन्यांसाठी नवी बॉडी घ्यायची नाही. लगेच नाही आणि नंतरही नाही. साज मखमलीवर ठेवलाय, तो पळून जात नाही. आयएसओ १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून हातानं फोकस. हे तुझी २०० डी कुठल्याही लाखाच्या बॉडीइतकंच करते. उलट क्रॉप सेन्सरचा थोडा फायदाच: तेवढीच फ्रेम आणि तेवढंच अ‍ॅपर्चर ठेवलं तर जास्त खोलीपर्यंत शार्प येतं. साजाची पानं पुढं-मागं असतात, तिथं ते उपयोगी. अ‍ॅपर्चर एफ ११ च्या पुढं फार नेऊ नकोस, नक्षी मऊ पडायला लागते. त्यापेक्षा फोकस थोडा थोडा सरकवून सात-आठ फोटो घे आणि जोड.

पैसे घालायचे ते १०० एमएमच्या जवळपासच्या मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायच्या, लेन्समध्ये आणि लाइटमध्ये. हुपरीच्या चांदीचं काम पहिल्यांदा घेतलं तेव्हा प्रत्येक पैंजणात मीच दिसत होतो, काळा शर्ट घातलेला. चांदी म्हणजे आरसाच. शेवटी पांढरा कार्डशीट घेतला, मध्ये लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडलं, तो लेन्सला अडकवला, दोन्ही बाजूंना बटर पेपरचे पडदे धरले आणि लाइट त्यांच्या मागून मारला. मी गायब झालो. मग चांदी इतकी पांढरी आली की कडाच दिसेनात. म्हणून काळ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या कापून फ्रेमच्या बाहेर उभ्या केल्या, त्यांची काळी रेघ कडेवर उमटली आणि दागिन्याला उठाव आला. या सगळ्यात शे-दीडशे रुपयांचं स्टेशनरी सामान. बॉडी तेव्हा कुठली होती ते आता आठवतही नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या बॉडीची लक्षात ठेव. २०० डी मार्क टू च्या हॉट शूला, म्हणजे वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेला, मधली पिन नाही. एका पिनवर चालणारे, लांबचा फ्लॅश पेटवायचे स्वस्त ट्रिगर आणि जुने फ्लॅश तिच्यावर पेटत नाहीत. बरेच जण ट्रिगर खराब म्हणून परत करतात. कॅननसाठीचा टीटीएल, म्हणजे फ्लॅशचा उजेड बॉडीलाच ठरवू देणारा, ट्रिगर घे, आणि दुकानातच लावून, फ्लॅश पेटतोय बघून पैसे दे.

दाजीपूरचं थोडक्यात सांगतो. गव्यासाठी सध्या काही घेऊ नकोस. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला झाडीच्या कडेला उभा राहतो, मोठा असतो, फार धावपळ करत नाही. अडचण अंधाराची. पक्ष्यांचा नाद लागला तर मात्र क्रॉप बॉडीच ठेव. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमचा फोटो क्रॉपएवढा कापला की नऊ-दहा मेगापिक्सेलच उरतात. निकॉनवाल्यांना जुनी डी ५०० बॉडी आणि २००-५०० लेन्स ही जोडी अजूनही भारी पडते, मिळाली तर.

आणि जोतिबा. तू लिहिलं नाहीस, पण कोल्हापूरचा फोटोग्राफर चैत्र यात्रेला जाणार नाही असं होत नाही. सासनकाठ्या नाचायला लागल्या की गुलालाचा ढग उठतो आणि वेदर सीलिंग या शब्दाचा अर्थ कळतो: पावसाचे थेंब अडवणं वेगळं, गुलाल अडवणं वेगळं. तो डायलच्या फटीत जातो, झूम रिंगखाली जातो, व्ह्यूफाइंडरच्या रबरामागं बसतो. मी नवी बॉडी नेत नाही. जुनी ५ डी मार्क थ्री, एकच लेन्स, पोर्टच्या झाकणांवर चिकटपट्टी, वरून पातळ प्लास्टिक. डोंगरावर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. घरी आल्यावर ओला कपडा लावायचा नाही, गुलाल ओला झाला की रंग होतो आणि फटीत मुरतो. कोरडा मऊ ब्रश, हवेचा ब्लोअर, आणि तासभर वेळ. माझ्या मार्क थ्रीचा मोड डायल अजूनही गुलाबी आहे.

आता तुझे दीड लाख. मी तुझ्या जागी असतो तर सेकंडहँड आर ६ घेतला असता, पहिलाच, मार्क टू नव्हे. दोन कार्ड स्लॉट, मोठी बॅटरी, डोळ्यावरचा फोकस, अंधारात दम. सोबत कॅननच्या जुन्या डीएसएलआरच्या लेन्स नव्या बॉडीला जोडणारा ईएफ ते आरएफ अ‍ॅडॉप्टर. ईएफच्या जुन्या लेन्स बाजारात ढिगानं आहेत आणि अ‍ॅडॉप्टरवर नेटानं चालतात. जुनी २४-१०५ एफ ४ आणि ५० एफ १.८ एवढ्यावर पहिला सीझन निघतो. भाव दर महिन्याला हलतात, त्यामुळं रुपये लिहीत नाही, पण उरतील त्यातून फ्लॅश आणि दोन बॅटऱ्या. तुझी ५५-२५० आर ६ ला लागेल खरी, पण ती क्रॉपची लेन्स. बॉडी आपोआप कापून घेते आणि फोटो पावणेआठ मेगापिक्सेलचा येतो. ती २०० डी वरच राहू दे. २०० डी विकू नकोस. फुटबॉल, साज, गवा, गुलाल तिच्यावर, आणि लग्नात गळ्यात दुसरी बॉडी म्हणून तीच. मुख्य बॉडी बंद पडली तर हातात काहीतरी असलं पाहिजे. मोठी ऑर्डर असेल त्या दिवशी दुसरा आर ६ भाड्यानं आण.

व्हिडिओची ऑर्डर मात्र आर ६ वर एकट्यानं घेऊ नकोस. फोरके व्हिडिओ बराच वेळ चालवला की कॅमेरा तापतो, आणि मे महिन्यातलं पत्र्याचं कार्यालय तुला माहीत आहे.

तुझ्यासारखा प्रश्न निकॉनवाल्यालाही पडेल, म्हणून एक ओळ: जुन्या एएफ-डी, म्हणजे आत फोकसची मोटर नसलेल्या, लेन्स असतील तर त्या नव्या झेड बॉडीला जोडणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही, त्यातही मोटर नाही. आधी लेन्सचं नाव वाचा, मग बॉडी घ्या.

सेकंडहँड बघताना शटर काउंटच्या मागं फार लागू नकोस. निकॉनच्या फोटोच्या माहितीत तो लिहिलेला सापडतो, आर ६ मध्ये तसा सहज सापडत नाही, आणि विकणारा सांगेल तो आकडा त्याच्या सोयीचा. त्यापेक्षा दोन्ही स्लॉटमध्ये स्वतःची कार्डं घालून दोन्हीवर लिहायला लाव. हॉट शूवर फ्लॅश पेटवून बघ. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून धूळ बघ. मग झाकण लावून एक काळा फोटो काढ आणि दोन्ही फोटो मोठे करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली सरळ रंगीत रेघ शोध. ती असेल तर बॉडी तिथंच ठेवून ये. ती लेसरची रेघ. वरातीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीवरचा लेसर थेट लेन्समध्ये आला की सेन्सर जळतो. जुन्या डीएसएलआरमध्ये फोटो घेईपर्यंत सेन्सर आरशामागं झाकलेला तरी असायचा. मिररलेसचा कायम उघडा. आपल्याकडच्या लग्नाच्या बॉडीत हा दोष मी तीनदा बघितलाय, आणि तीनही वेळा विकणारा "घरगुती वापर" म्हणत होता.

घ्यायच्या आधी एक दिवस भाड्यानं आणून बघ. रविवारी येणार असशील तर तुझी ५५-२५० आणि दोन रिकामी कार्डं घेऊन स्टेडियमवर ये, माझ्या आर ७ वर अ‍ॅडॉप्टर लावून देतो. गोलपोस्टच्या मागं उजव्या हाताला असतो मी.